शास्त्रात नाही, म्हणून अधिकार नाही?



राज्यघटनेचा अर्थ कसा लावावा हा वकील-न्यायाधीशांचा विषय, टाळकऱ्या-विणेकऱ्याचे त्यात काय काम, असे काही वाचक म्हणतील. म्हणणे अगदीच वावगे नाही. पण अलीकडे सप्ताहाच्या मांडवात, दिंडीच्या मुक्कामावर, अगदी डेअरीवर दूध घालायला उभे असतानाही हा विषय निघतो आणि निघाला की आवाज चढतात. एकजण म्हणतो, घटनेत लिहिले आहे तेवढेच खरे, न्यायाधीशांनी पदरचे काही घालू नये. दुसरा म्हणतो, लिहिणाऱ्यांना पुढच्या काळातले जग कसे दिसणार? अर्थ वाढलाच पाहिजे. तिसऱ्याला या दोघांशी देणेघेणे नसते. त्याचे म्हणणे, आमच्या समाजाच्या, आमच्या देवळाच्या रीतीत कोर्टाने पडूच नये.

तिघेही प्रामाणिक असतात. आणि हे भांडण वारकऱ्याला नवे वाटू नये. आपला संप्रदाय ज्या प्रसंगातून उभा राहिला, तो प्रसंग मुळात ग्रंथाचा अर्थ लावण्याचाच होता.

पेठेहून नाशिकच्या रस्त्याला लागले की मंचर, नारायणगाव मागे टाकल्यावर आळेफाटा येतो. जवळच्या आळे गावात रेड्याची समाधी आहे. माउलींनी पैठणास रेड्यामुखी वेद बोलविले, परतीच्या वाटेवर त्या रेड्याने आळ्यात देह ठेवला आणि माउलींनी स्वहस्ते त्याला समाधी दिली, हे जुन्नर-आंबेगावातल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. आपण ती कथा चमत्कार म्हणून ऐकतो, आणि चमत्काराच्या उजेडात मूळ खटला दिसेनासा होतो.

खटला असा होता. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा प्रपंचात आले, चार मुले झाली. मुलांच्या मुंजीची वेळ आली तेव्हा ब्रह्मवृंदाने पोथ्या उघडल्या. संन्याशाच्या मुलांचे काय करावे, हे शास्त्रात कुठेच नव्हते. अधिकार सांगितलेला नाही, म्हणून अधिकार नाही. आई-बापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले. त्यांनी ते घेतले. तरीही मुले बाहेरच राहिली, आणि शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणची वाट धरावी लागली.

आळंदीचे ते शास्त्री दुष्ट होते असे मला वाटत नाही. दुष्ट असते तर प्रश्न सोपा होता. ते प्रामाणिकपणे पोथी वाचणारे लोक होते. त्यांचा दोष एवढाच की पोथी जिथे गप्प होती, तिथे त्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांनी दाराबाहेर उभ्या असलेल्या पोरांच्या विरुद्ध लावला. माउलींनी पैठणच्या सभेत काय केले ते नीट पाहावे. शास्त्र फेकून द्या, असे ते म्हणाले नाहीत. माझे शास्त्र निराळे आहे, असेही म्हणाले नाहीत. सर्वांभूती एकच आत्मा आहे, हे त्या सभेलाच मान्य असलेले तत्त्व त्यांनी पुढे ठेवले आणि तुमचा निर्णय या तत्त्वाशी जुळतो का, एवढेच विचारले. पोथीतली रिकामी जागा त्यांनी पोथीच्याच गाभ्याने भरली.

आता घटनेकडे येऊ. एकविसावे कलम जेमतेम एका वाक्याचे आहे. कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीखेरीज कोणाचे जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावले जाणार नाही, एवढाच त्याचा आशय. डिसेंबर १९४८ मध्ये या कलमावर घटनासमितीत चर्चा झाली, तेव्हा खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर द्विधेत होते. कायदेमंडळावर पूर्ण भरवसा टाकता येत नाही, कारण तिथले बहुमत माणसाच्या हक्कावर घाला घालू शकते. आणि पाच-सहा न्यायाधीशांनी आपल्या मनाप्रमाणे कायदा चांगला की वाईट हे ठरवावे, हेही धोक्याचे. असे दोन्ही बाजूंनी सांगून त्यांनी निर्णय सभागृहावर सोपवला. ज्यांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणतो त्यांनाच इथे एक उत्तर नव्हते. मग पारावर बसून ‘बाबासाहेबांच्या मनात हेच होते’ असे ठासून सांगणाऱ्यांनी थोडे सबुरीने घ्यावे.

पुढे काय झाले? १९५० मध्ये ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अक्षरार्थ धरला: कायदेमंडळाने केलेला कायदा आहे, त्याप्रमाणे पकडले आहे, विषय संपला. आणीबाणीत तो अक्षरार्थ टोकाला गेला. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायाधीशांनी सांगितले की हक्क स्थगित असताना बेकायदा कैदेविरुद्धही कोणाला कोर्टाचे दार ठोठावता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी विरोधी मत दिले, आणि पुढल्या वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिले गेले. त्या चारांत न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते. हे घराणे आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या कनेरसरचे. १९७८ मध्ये मनेका गांधींच्या पासपोर्टच्या खटल्यात न्यायालयाने दिशा बदलली. नुसती पद्धत असून भागत नाही, ती न्याय्य असली पाहिजे, असे ठरले. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की माणसाचे खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. हा शब्द घटनेच्या हक्कांच्या प्रकरणात कुठेही नाही. त्याच निकालात १९७६ चा निर्णय मोडीत काढला गेला, आणि तो चुकीचा होता असे लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड. वडिलांनी लावलेला अर्थ मुलाने खोडला. कनेरसरच्या वाटेने जाताना मला हे नेहमी आठवते.

इतके वाचून कोणाला वाटेल की मी ‘अर्थ वाढलाच पाहिजे’ म्हणणाऱ्यांच्या दिंडीत सामील झालो. थांबा. पहिल्या पक्षाचे म्हणणे आपल्याच परंपरेतून मांडता येते, आणि ते वजनदार आहे.

कीर्तनकार एक अभंग घेतो आणि दोन तास निरूपण करतो. दुसरा कीर्तनकार त्याच अभंगावर दुसऱ्या दिवशी निराळे निरूपण करतो. श्रोते दोन्हींना माना डोलावतात. पण दोघांपैकी कोणी अभंगाचा शब्दच बदलला, किंवा ज्याला प्रमाण नाही असे काही ठोकून दिले, तर मागे उभा असलेला म्हातारा टाळकरीही भुवया उंचावतो. माउलींनी गीतेच्या सातशे श्लोकांवर नऊ हजार ओव्या रचल्या. अर्थाचा याहून मोठा विस्तार कोणता? आणि त्याच ज्ञानेश्वरीत पुढे लोकांनी पदरच्या ओव्या घुसडल्या, तेव्हा शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. माउली आणि नाथ यांच्यात विरोध आहे का? मला तरी दिसत नाही. टीका लिहिणाऱ्याने श्लोकाला धरून राहायचे, आणि संहिता राखणाऱ्याने टीकेला बंदी करायची नाही. घटनेतही हाच भेद आहे. शब्द बदलायचा तर त्यासाठी ३६८ वे कलम आहे, संसद आहे. आजवर शंभरावर दुरुस्त्या झाल्या त्या त्याच वाटेने. न्यायाधीशाचे काम निरूपणाचे. तो प्रमाण सोडून बोलू लागला तर त्याच्यावर आक्षेप घेण्याचा हक्क श्रोत्याला आहे, आणि असा आक्षेप घेणारा प्रत्येकजण घटनेचा वैरी ठरत नाही.

खरी अडचण याच्या पुढे आहे, आणि ती तिसऱ्या माणसाने काढलेली आहे. आमच्या रीतीत कोर्टाने पडू नये, हे त्याचे म्हणणे. त्यालाही घटनेत आधार आहे. २५ वे कलम प्रत्येक माणसाला सद्सद्विवेकाचे आणि धर्मपालनाचे स्वातंत्र्य देते. २६ वे कलम धर्मपंथाला, म्हणजे समूहाला, आपले धर्मविषयक व्यवहार आपण पाहण्याचा हक्क देते. दोन्हींवर सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांची मर्यादा आहे. पण २५ व्या कलमात आणखी एक मर्यादा लिहिली आहे: मूलभूत हक्कांच्या प्रकरणातील इतर तरतुदींच्या अधीन राहून. २६ व्यात हे शब्द नाहीत. आता हे गाळणे मुद्दाम की ओघात? यावरून विद्वानांत किती वर्षे वाद चालला आहे. समूहाचा हक्क माणसाच्या हक्कापेक्षा मोठा, असा अर्थ त्यातून काढणारे आहेत. पुन्हा तेच: पोथी गप्प आहे, आणि गप्प राहण्याचा अर्थ कोणाच्या बाजूने लावायचा हा प्रश्न.

हा वाद आपल्या महाराष्ट्रातच उभा राहिला. जुन्या मुंबई प्रांताने १९४९ मध्ये कायदा करून कोणालाही जातीबाहेर किंवा जमातीबाहेर काढण्यास बंदी केली. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले. जानेवारी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी तो कायदा रद्द ठरवला. धर्माच्या कारणावरून एखाद्याला बाहेर काढणे हा पंथाच्या कारभाराचाच भाग आहे, असे बहुमताने मानले. विरुद्ध मत सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचे होते. बहिष्कृत माणसाची अवस्था स्वतःच्या समाजात अस्पृश्यासारखी होते आणि घटनेने तर अस्पृश्यता नाहीशी केली आहे, असा त्यांचा रोख होता.

बहुमताचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. आपल्याही फडांना नियम आहेत. दिंडीत कोणी कुठे चालावे, विणा कोणाच्या गळ्यात असावी, माळ घालून मांसाहार करणाऱ्याला काय सांगावे, हे कोर्टाने ठरवू लागले तर कोणत्या वारकऱ्याला आवडेल? ज्या समूहाला ‘तू आमच्यातला नाहीस’ असे म्हणताच येत नाही, तो समूह उरत नाही. हे खरे आहे. पण गावात माणसाला वाळीत टाकतात तेव्हा काय होते तेही आपण जाणतो. दुकानदार माल देत नाही. लग्नाचे आमंत्रण येत नाही. पोरीचे स्थळ मोडते. घरात मयत झाली तर खांदा द्यायला चार माणसे जमत नाहीत. यात धर्माचे काय आहे? विणा काढून घेणे आणि खांदा नाकारणे, यांत मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. फडाने विणा काढून घेतली तर माणूस फडाबाहेर जातो, पण माणसांतून जात नाही. समूहाचा हक्क तिथवर मान्य. त्यापुढे एक पाऊलही नाही.

महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असा कायदा करणारे हे पहिले राज्य. जातपंचायतींनी माणसे छळली, त्या तक्रारींतून तो आला.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी एक गोष्ट सांगितली होती, ती आपल्यासारख्या गावकरी माणसांना आजही टोचते. या घटनेने गावाला नव्हे, तर एकट्या माणसाला आपला घटक मानले आहे, आणि याचा आपल्याला आनंद आहे, असे ते म्हणाले. आपण गावावर प्रेम करणारी माणसे. गावकी, भावकी, यात्रा, सप्ताह हे सारे गाव म्हणूनच होते. पण विचार करावा, तुळशीची माळ गाव घालते का? भावकी घालते का? बाप माळकरी असला तरी मुलाला आपण होऊन ती घ्यावी लागते, आणि मुलगी, सून, गडी, कोणीही ती स्वतः घेऊ शकते. वारीत भेटणारा दुसऱ्याची जात विचारून पाया पडत नाही. एकट्या माणसाच्या निर्णयाला इतका मान देणारा हा संप्रदाय, घटनेने तोच मान कायद्यात दिला तर त्याने बिचकण्याचे कारण काय?

बिचकल्याचा इतिहास मात्र आहे, आणि तो झाकून उपयोग नाही. चोखोबांची समाधी पंढरीत महाद्वाराशी आहे, नामदेव पायरीजवळ. देवळाच्या आत शतकानुशतके त्यांचे अभंग गायले गेले आणि त्यांच्या जातभाईंना दारातूनच परत जावे लागले. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मने वळवली आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. त्यांना विरोध करणाऱ्यांत आपल्यातलेही लोक होते. रूढी आहे, वहिवाट आहे, बाहेरच्यांनी पडू नये, हाच तेव्हाचाही सूर. मठाची जागा देणारेही आपल्यातलेच होते, हेही लक्षात असावे. देऊळ खुले झाले. त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा केला, आणि पुढे घटनेच्या १७ व्या आणि २५ व्या कलमांत ही गोष्ट कायमची लिहिली गेली.

त्या दिवशी समूहाचा हक्क मोठा ठरला असता, तर आज चोखोबांचा अभंग म्हणताना आपल्या तोंडून शब्द फुटला असता का?

याची दुसरी बाजूही सांगतो. सरकारला एकदा दार उघडायला बोलावले की ते ओसरीवर बैठक मारते. १९७३ च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क गेले, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. बहुतेक वारकऱ्यांना आनंदच झाला. पण आता कारभार सरकारने नेमलेल्या समितीचा, आणि त्याबद्दलही कुरकुर ऐकू येतेच. तसेच न्यायालयाचे. १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यापासून (हे शिरूर आपल्या घोडनदीकाठचे नव्हे, उडुपीकडचे) धर्माचा आवश्यक भाग कोणता आणि वरवरचा कोणता, हे पाहण्याची वाट पडली आणि पुढे न्यायाधीशच ते ठरवू लागले. उद्या कोणी विचारले की पायी चालणे हा वारीचा आवश्यक भाग आहे की एसटीनेही भागेल, तर उत्तर कोणी द्यायचे? प्रश्न काल्पनिक नाही. २०२० च्या आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीनेच पंढरीला गेल्या. ‘आरोग्य’ हा दोन्ही कलमांतला एक शब्द, त्याचा अर्थ त्या वर्षी आपल्या पायांना कळला. तेव्हा हक्काची भाषा बोलणारे कितीतरी वारकरी एरवी ‘हक्क-बिक्क शहरातले खूळ’ म्हणणारे होते. मी स्वतः निर्बंध पाळण्याच्या बाजूचा होतो, पण पायी वारीचा आग्रह धरणाऱ्यांनी घटनेचे नाव घेतले यात मला काही गैर वाटले नाही.

शबरीमलाचा निकालही असाच. सप्टेंबर २०१८ मध्ये चार न्यायाधीशांनी स्त्रियांच्या प्रवेशाच्या बाजूने निकाल दिला, आणि विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा या त्या पीठातल्या एकमेव स्त्री. भक्ताची श्रद्धा तर्कावर तोलणे कोर्टाचे काम नव्हे, असे त्यांचे म्हणणे. ते मला पटत नाही, पण वाचल्यावर विसरताही येत नाही. जनाबाई आणि बहिणाबाईंच्या संप्रदायात वाढलेल्याला बाईला दाराशी अडवणे समजतच नाही, म्हणून कदाचित पटत नसेल. त्या निकालाच्या फेरविचारातले प्रश्न पुढे नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवले गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बोहरा समाजातल्या बहिष्काराचा जुना प्रश्नही त्यालाच जोडला गेला. म्हणजे १९६२ चा निकाल हाही शेवटचा शब्द नव्हता.

एक शेवटची गोष्ट राहिली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी भक्तीविषयी इशारा दिला होता. धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय. काही वारकरी हे ऐकून दुखावतात. दुखावण्याचे कारण नाही. आपली भक्ती विठ्ठलाची. नामदेवराय त्या विठ्ठलाशी भांडले, जनाबाईंनी त्याला चार शब्द सुनावले, आणि तो रागावला नाही. देवाशी असे बोलू शकणाऱ्या माणसाने पुढाऱ्यापुढे, किंवा न्यायाधीशापुढेही, मुकाट मान डोलवावी हे शोभत नाही.

पुढल्या सप्ताहात दुपारच्या वेळी, गाथा भजनाच्या आधी, २५ वे आणि २६ वे कलम मराठीतून मोठ्याने वाचावे आणि ज्याला जे वाटते ते त्याने बोलावे, असे आम्ही काहींनी मंडळाला सुचवले आहे. दोघा-तिघा ज्येष्ठांची हरकत आहे. मांडव हरिनामासाठी घातलेला असतो, असे ते म्हणतात. येत्या एकादशीला भजन झाल्यावर त्यावर बोलणे व्हायचे आहे.